साठपैकी साठ

बाईंनी तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली. म्हणजे तीस वर्षं त्यांनी लोकांची बोलणी जोडून दिली आणि त्यातलं एकही ऐकलं नाही. निदान त्यांचं म्हणणं तसं आहे, आणि त्यांना खोटं पाडायची छाती कुणात नाही. दोन्हीकडून 'हॅलो' आलं की आपली ऐकायची कळ वर करायची, असा तिथला नियम होता. पुढे ते दोघं रडोत, भांडोत, लग्न ठरवोत नाहीतर मोडोत, आपण पुढचा कॉल घ्यायचा. शेजारच्या बोर्डावरच्या दोघीजणी कळ वर करायला हटकून 'विसरायच्या'. बाईंनी त्यांच्याशी जे वाकडं घेतलं ते निवृत्तीच्या दिवसापर्यंत.

निवृत्त झाल्यावर घरी स्वस्थ बसतील तर त्या बाई कसल्या! वाचनालयाच्या मागची खोली त्यांनी भांडून मिळवली. तिथे जुन्या वर्तमानपत्रांचे गठ्ठे छतापर्यंत चढलेले होते, ते एका भिंतीला ढकलले, एक फळा टांगला आणि दुपारी तीन ते पाच मोठ्या माणसांचा लिहिण्यावाचण्याचा वर्ग सुरू केला. बाई धाकट्या बहिणीबरोबर राहतात. ती पहिल्याच आठवड्यात म्हणाली, "ताई, तू निवृत्त झालीस की तुझी बदली झाली?" बाईंनी किल्ली उचलली आणि निघाल्या.

वर्गात दहा जण होते. एक गवंडी, एक भांडीवाली, बाळबाळंतिणींना मालीश करणारी एक मावशी, असे सगळे हातावर पोट असलेले. त्यांत अकरावे म्हणून एके दिवशी इस्त्रीवाले आले. साठीचा, किडकिडीत, आवाज न करता चालणारा माणूस. दारातच उभे राहून त्यांनी विचारलं, "वाचायला यायला किती दिवस लागतात?"

"कशासाठी हवंय त्यावर आहे," बाई म्हणाल्या.

इस्त्रीवाल्यांना चाळीस वर्षं अक्षरावाचून काही अडलं नव्हतं. कुणाचा सदरा कुठला, हे ते कॉलरच्या आत घातलेल्या रंगीत दोऱ्याच्या टाक्यावरून ओळखत, आणि एकदाही एकाचा सदरा दुसऱ्याकडे गेलेला नव्हता. घरी बोलायचं काम बायकोचं आणि 'हूं' म्हणायचं काम यांचं, असा संसार सुरळीत चालला होता. मग बायकोच्या घशात गाठ निघाली. ऑपरेशन झालं, जीव वाचला, पण आवाजाची पेटी काढावी लागली. ती लहानपणी चौथीपर्यंत शिकलेली होती. दवाखान्यातून आल्यावर तिनं पाटी मागवली आणि जे बोलायची ते लिहायला लागली. आता यांना ते वाचता कुठे येतंय!

"शेजारीण वाचून दाखवते," इस्त्रीवाले म्हणाले. "वाईट नाही हो बिचारी. पण वाचते मोठ्यानं. मागे हिनं लिहिलं की झोपताना श्वास अडकेल अशी भीती वाटते. दुसऱ्या दिवशी पाण्याच्या रांगेत तिघींनी हिला विचारलं, आता भीती कमी आहे का म्हणून. तेव्हापासून ही तीनच शब्द लिहिते. पाणी, गोळी, पंखा."

"कधीपासून?"

"दोन वर्षं झाली, बाई. दोन वर्षं माझी बायको माझ्याशी बोललेली नाही."

बाईंनी त्यांना पहिल्या बाकावर बसवलं. मनात म्हणाल्या, हा कॉल आपण जोडून द्यायचाच.

आणि गाडी रुळावर येत होती, हे मी मुद्दाम सांगून ठेवतो. पाच-सहा आठवड्यांत इस्त्रीवाले निम्मी अक्षरं ओळखायला लागले होते. तेवढ्यात खोकी आली.

खोकी साक्षरता विभागाच्या कार्यालयातून आली; खोली मिळवताना बाईंनी वर्गाची तिथे केंद्र म्हणून नोंद केलेली होती. प्रत्येकात एक टॅब, आणि टॅबमध्ये साठ धडे. ती घेऊन जे साहेब आले त्यांचं खरं आडनाव कुणाच्या लक्षात राहिलं नाही, सगळे त्यांना हिरवेसाहेब म्हणायला लागले. धडा पूर्ण झाला की पडद्यावर हिरवा ठिपका उमटायचा, तोच ठिपका साहेबांच्या कार्यालयातल्या पडद्यावर उमटायचा, आणि तो उमटला की साहेबांचा जीव भांड्यात पडायचा. पडद्यावर दिसलेलं अक्षर बोटानं गिरवायचं. बरोबर आलं की एक घुबड पंख फडफडवून 'शाब्बास' म्हणायचं.

"बाई, मी तीन-तीन मजले उभे केलेत," गवंडी म्हणाला, "आणि हे पाखरू मला शाब्बास म्हणतंय!"

आता बाईंना यंत्राचं वावडं होतं असं कुणी समजू नये. त्यांचं अर्धं आयुष्य यंत्रापुढे गेलेलं. टॅबमधली एक सोय तर त्यांना मनापासून आवडली होती. धडा मोठ्यानं वाचून दाखवणारा आवाज. भांडीवाली तो कानात घालून दहादहा वेळा ऐकायची, आणि कुणापुढे चुकायची लाज नसल्यामुळे भराभर शिकायची. घोडं अडलं ते बोटांपाशी.

इस्त्री तापली की नाही हे इस्त्रीवाले चाळीस वर्षं ओलं बोट लावून बघत आले होते. त्या बोटांची पेरं कडक आणि गुळगुळीत होऊन गेली होती. टॅबला ती कळेचनात. त्यांनी हलकेच गिरवलं, दाबून गिरवलं, बोट सदऱ्याला पुसलं, अंगठा लावून पाहिला. पडदा ढिम्म. गवंड्याचं बोट पाच वेळांतून एकदा लागायचं, भांडीवालीचं साबणानं सोलवटलेलं बोट तीनातून एकदा. इस्त्रीवाल्यांचं कधीच नाही.

शेवटी त्यांनी टॅब खाली ठेवला. "याच्या लेखी मी नाहीच, बाई."

बाईंनी साहेबांना फोन केला. साहेब म्हणाले, बोटं ओली करून बघा. ओली करून झाली. मग म्हणाले, मदतकेंद्राला विचारा. मदतकेंद्राच्या नंबरवर एका यंत्रानं सांगितलं की आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे, आणि मग पंधरा मिनिटं पेटी वाजवली. तीस वर्षांत बाईंनी कुणाला पंधरा सेकंद लटकत ठेवलं नव्हतं. त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"धडे सोडून द्या आणि मला माझ्या फळ्यावर शिकवू द्या," त्यांनी साहेबांना सांगितलं.

"ठिपके नसले तर वर्ग चालू आहे असं दिसणार कसं?" साहेब म्हणाले. "लाल केंद्रं बंद करायचा आदेश आहे, बाई."

इथे बाईंनी जे केलं ते त्यांना अजून रात्रंदिवस खातं. दुसऱ्या दिवशी त्या वर्गात आल्या, टॅबचा ढीग टेबलावर ठेवला आणि वैतागून म्हणाल्या, "बोट कुणाचं का असेना, अर्ध्या तासात ते मेलं हिरवं करून टाका. साडेतीनला फळ्याकडे वळायचं."

बोट सापडायला वेळ लागला नाही. मालीशवाली मावशी! जन्मभर तेलात बुडालेली तिची बोटं, टॅब त्यांना नुसती चाहूल लागताच ओळखायचा. तीनच्या ठोक्याला मावशी मधल्या बाकावर बसायची, अकराही टॅब तिच्यासमोर मांडले जायचे, आणि ती एकापाठोपाठ एक अक्षरं गिरवत सुटायची. घुबड अकरा वेळा फडफडायचं. इतरांना यात काही वावगं वाटलं नाही. एकाच्या हाताला जे जमत नाही ते दुसऱ्यानं करून द्यायचं, यावर तर त्यांचं सगळं आयुष्य चाललेलं. मावशीही खूश. "बाळाच्या पाठीसारखंच आहे," म्हणायची, "जोर लावायचा नाही."

एक खरं की मावशीचं अक्षर मोत्यासारखं झालं. एकेक धडा अकरा वेळा गिरवल्यावर दुसरं काय होणार! त्या टॅबनं अख्ख्या वर्गात कुणाला पुरतं शिकवलं असेल तर तिला.

बाकीचा दीड तास फळ्यावर नेटानं काम चालायचं. इस्त्रीवाले सुटे शब्द वाचू लागले, मग छोटी वाक्यं. जोडाक्षर आलं की मात्र अडायचे, आणि मग लाजून गप्प बसायचे. बाईंच्या हिशेबानं आणखी चार महिने हवे होते. आणि आठवड्याला तीन धडे या बेतानं पाचव्या महिन्यात साठावा ठिपका हिरवा झाला.

साहेब फोटो काढणारा माणूस घेऊन आले. "बाई, तुमचं केंद्र सगळ्यांत पहिलं! शंभर टक्के!" सगळ्यांना जाड कागदावर छापलेली प्रमाणपत्रं मिळाली. इस्त्रीवाल्यांच्या कागदावर होतं, साठपैकी साठ, अस्खलित वाचक. त्यांना त्यातलं 'अस्खलित' तेवढं लागलं नाही. साहेबांनी सगळ्यांचे हात हातात घेऊन हलवले, टॅब मोजून खोक्यात भरले आणि जाता जाता खोलीची किल्ली मागितली. केंद्राचं काम पूर्ण झालं होतं ना!

"पुढचा टप्पा घरबसल्या फोनवर," ते म्हणाले. बाईंनी किल्ली काढून त्यांच्या हातावर ठेवली.

चौथ्या दिवशी दुपारी त्या वर्तमानपत्र वाचायच्या निमित्तानं वाचनालयात गेल्या. खरं म्हणजे पाय आपोआप वळले. मागच्या बाजूला आल्या तर कुलूप लावलेल्या दाराच्या पायरीवर इस्त्रीवाले उभे. दोन्ही हातांवर, नुकती इस्त्री केलेले कपडे न्यावेत तसं, पांढऱ्या कापडात गुंडाळलेलं काहीतरी आडवं धरलेलं.

"काय आहे?"

"पाटी."

प्रमाणपत्र त्यांनी घरी नेऊन फळीवर ठेवलं होतं. बायकोनं ते उतरवून वाचलं. तिला वाचता येत होतं ना. अस्खलित म्हणजे काय ते तिला चांगलं ठाऊक होतं. बराच वेळ ती त्यांच्याकडे बघत राहिली. मग पाटी घेऊन भिंतीकडे तोंड करून बसली आणि लिहीत सुटली. पाटीची एक बाजू भरली, दुसरी भरली. लिहून झाल्यावर तिनं पाटी नवऱ्याच्या हातात दिली आणि समोर बसली.

"मग?"

"मग काय, बाई. अर्धं लागलं, अर्धं नाही. नंतर सांगतो म्हणालो." त्यांनी कापडाची कड सारखी केली. "आज चौथा दिवस. पुसायला देत नाही मी. नवी पाटी आणून दिली तर तिला हात लावत नाही. खुणेनं म्हणते, आधी याचं उत्तर दे. आता पाणीसुद्धा लिहीत नाही."

"आणा इकडे, मी वाचते."

इस्त्रीवाल्यांनी पाटी छातीशी घेतली. सात महिन्यांत हा माणूस बाईंना पहिल्यांदाच नाही म्हणत होता.

"वाचून दाखवू नका. शिकवा."

बाई तिथूनच तडक साहेबांच्या कार्यालयात गेल्या. साहेब भिंतीवरच्या मोठ्या पडद्यासमोर बसले होते आणि पडदा हिरवागार होता.

"मला किल्ली हवी. चार महिने. माझ्या एका विद्यार्थ्याला वाचता येत नाही."

साहेबांनी नाव शोधलं. "साठपैकी साठ आहेत यांचे!"

"ते साठ मावशीच्या बोटाचे आहेत."

साहेबांचा चेहरा उतरला. त्यांनी उठून दार लोटलं. "बाई, हे तुम्ही लेखी देणार? मग ती खोटी नोंद ठरते. अकराही प्रमाणपत्रं रद्द होतील. आणि चौकशी त्या मावशींची होईल."

"तिची का? मी सांगितलं होतं तिला!"

"बोट त्यांचं आहे ना."

बाईंनी दात-ओठ खात म्हटलं, "बरं, नोंद राहू दे तशीच. इस्त्रीवाल्यांचं नाव पुन्हा नव्यानं घाला."

"पूर्ण झालेला माणूस सिस्टिम पुन्हा घेत नाही," साहेब म्हणाले, आणि ते खरोखरच ओशाळले होते. "मी करून पाहिलंय, बाई. दुसऱ्या एका केंद्रासाठी. नाही घेत."

एवढं यंत्र, एवढी माणसं, आणि कुणाच्याच हातात काही नाही! एक्स्चेंजमध्ये चुकीचा कॉल लागला तर वायर उपसून दुसरीकडे खुपसता यायची. इथे उपसायला काही नव्हतंच. भिंतीवर डोकं आपटून घ्यावं असं बाईंना वाटलं. त्यातही सगळ्यांत जास्त राग त्यांना स्वतःचा आला. हिरवं करून टाका, असं त्या स्वतःच्या तोंडानं म्हणाल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी तीन वाजता त्या कुलपासमोरच्या पायरीवर येऊन बसल्या. बरोबर जुन्या वहीचा पुठ्ठा होता, त्याच्या मधोमध एका अक्षराएवढी खिडकी कापलेली. "पुठ्ठा पाटीवर ठेवायचा," त्यांनी इस्त्रीवाल्यांना सांगितलं. "स्वतः वाचायचं. अडलं की खिडकी तेवढ्या अक्षरावर आणायची आणि मला दाखवायची. बाकी मी बघणार नाही."

आणि त्या पाठ करून बसल्या. हाक आली की वळायच्या, खिडकीतलं अक्षर बघायच्या, ते कसं जोडलंय ते पायरीवर खडूनं फोडून दाखवायच्या, त्याच्यासारखी आणखी चार काढून घ्यायच्या, आणि पुन्हा पाठ. पहिल्या दिवशी दीड ओळ झाली. इस्त्रीवाले घामानं निथळले होते.

खरी पंचाईत खडूची होती. कापडात कितीही जपून आणली तरी पाटी ती पाटी, रोज थोडी पुसट व्हायची. कडेच्या ओळी आधी विरायला लागल्या. बाईंनी सुचवलं, माझ्या फोनवर फोटो काढून ठेवू. फोन पुढे केलासुद्धा. इस्त्रीवाल्यांनी फोनकडे बघितलं. "फोनात गेलं की ते सगळ्यांचं होतं, बाई." बाईंनी फोन पर्समध्ये टाकला. ज्या फोनवर विभागाकडून रोज सकाळी 'अभिनंदन, प्रथम क्रमांक!' येत होतं, त्याच्यावर त्यांचाही भरवसा उरला नव्हता.

सहाव्या दिवशी इस्त्रीवाले एका शब्दावर अडले ते अडलेच. अक्षर बाईंनाही लागेना, इतकं ते विरलं होतं. "होणार नाही माझ्यानं," म्हणत त्यांनी कापड गुंडाळायला घेतलं. तेवढ्यात मावशी आली. ती रोज लांबून बघून जायची, घात आपल्याच बोटानं झाला असं तिनं मनाला लावून घेतलं होतं. तिनं खिडकीत डोकावलं, विरलेल्या खडूच्या वरून हवेतच बोट फिरवलं आणि म्हणाली, "हे 'स्व' आहे. छप्पन्नावा धडा." एवढं सांगून डोळे टिपत ती निघून गेली.

पाटीवर काय लिहिलंय ते बाईंना अजून ठाऊक नव्हतं. नऊ दिवसांत त्यांनी खिडकीतून पन्नास-साठ अक्षरं पाहिली होती, आणि तीस वर्षांच्या सवयीनं त्यांतलं एकही दुसऱ्याला जोडलं नव्हतं. मोह झाला नाही असं नाही. सातव्या दिवशी मान वळवताना एक अख्खी ओळ डोळ्यांसमोर आली होती. बाईंनी डोळे मिटून घेतले आणि 'पुठ्ठा नीट धरा!' म्हणून इस्त्रीवाल्यांवरच खेकसल्या.

नवव्या दिवशी पाठीमागे बराच वेळ हाक आली नाही. पुठ्ठा सरकल्याचा आवाज, मग पाटी उलटल्याचा. मग काहीच नाही. अडीच वर्षं बोलणं अडवून धरलेली बायको काय लिहील? काय काय लिहिता येईल?

त्यांनी वळून बघितलं नाही. "झालं?"

"झालं."

"बरं," बाई म्हणाल्या, आणि कळ वर केली.

पण इस्त्रीवाल्यांनाच राहवेना. "भांडलीये, बाई," ते म्हणाले. "दोन्ही बाजूंनी भांडलीये. मी दवाखान्यात तिच्या उशाशी न बसता बाहेर बाकावर बसलो इथपासून. सगळं लिहिलंय. एक म्हणून सोडलेलं नाही." त्यांचे डोळे वाहत होते आणि तोंडभर हसू होतं. "शेवटी म्हणते, आता वाचता येतं ना, मग हूं म्हणून सुटायचं नाही."

बाईंनी खडूचे हात झटकले. "चुकलेलं नाही ना काही वाचताना?"

"नाही. अगदी तिच्याच आवाजात लागलं."

मग त्यांनी ज्या कापडात पाटी जपून आणली होती तेच कापड घेतलं, आणि पाटी दोन्ही बाजूंनी स्वच्छ पुसली. एक रेघ ठेवली नाही.

"अहो, पुसली काय!"

"रिकामी न्यायला हवी," इस्त्रीवाले उठत म्हणाले. "मी आता जाऊन उत्तर देणार. तिला पुढचं लिहायला जागा नको?"